रात्री जाग का आली?

दोस्तांनो, पूर्वी एसटीच्या टपावर ट्रंका, पोती, सायकली, काय काय चढायचं! आमच्या गाडीच्या टपावर मात्र चक्क एक खोली चढली आहे. प्रवासात ती घडी घालून मोठ्या बॅगेसारखी बसलेली असते. मुक्कामाला पोचलो, की वरचं कव्हर काढायचं, शिडी ओढायची, आणि वही उघडावी तसा तंबू उघडतो. त्याची अर्धी जमीन टपावर राहते आणि अर्धी बाहेर, अधांतरी. तिला आधार कुणाचा? ज्या शिडीवरून आपण चढतो, त्या शिडीचाच! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

असे तंबू काही अगदी नवे नाहीत. इटलीत ते १९५८ च्या सुमारास तयार होऊ लागले. पूर्व जर्मनीत त्राबांट नावाची इवलीशी गाडी असायची. तिच्या टपावर तंबू बांधूनही लोक सहलीला जात. आफ्रिकेच्या रानात फिरणाऱ्यांना तर जमिनीपासून उंच झोपलेलं बरं वाटतं. का, ते सांगायलाच नको!

आमच्या घरी तंबू आला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद कुणाला झाला असेल? आजींना. आजी म्हणजे माझ्या सासूबाई. वय वर्षं ७२. त्यांचं माहेर अकोले तालुक्यातलं. लहानपणी पीक राखायला त्या वडिलांबरोबर शेतातल्या मचाणावर झोपायच्या. रानडुकरं हाकलायची आणि चांदण्या मोजायच्या, हे त्यांच्या तोंडून आम्ही शंभरदा ऐकलेलं. तंबू बघून त्या म्हणाल्या, "अगं, हे तर माझं मचाणच की! मला नेणार ना?"

डिसेंबर २०२३ मधल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुण्याहून भंडारदऱ्याला निघालो. मी, मुलांचे बाबा, आठवीतली ताई, चौथीतला धाकटा आणि आजी. प्रवरा नदीवरचं इथलं धरण १९२६ साली पूर्ण झालं. समोर जलाशयाचं निळं पाणी, मागे कळसूबाईची रांग. १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई हे आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर. एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या माळावर गाडी लावली. वर आजी, ताई आणि मी. खाली गाडीच्या सीटा पाडून बाबा आणि धाकटा.

रात्र कशी गेली म्हणता? विचारू नका! माळ उतरता होता. ताई घसरत घसरत माझ्या अंगावर, मी आजींच्या अंगावर. मध्यरात्री कापड फडफडायला लागलं. पहाटे तर कपाळावर टपकन थेंब पडला. अमावास्या दोन-तीन दिवसांवर आलेली, त्यामुळे बाहेर काळाकुट्ट अंधार. सकाळी सगळ्यांचे डोळे लाल. आजी तेवढ्या म्हणाल्या, "छान झाली हो झोप." पण परतताना संगमनेरला चहा घेताना हळूच बोलल्या, "पुन्हा मला नका आणू. आता वय झालं."

मला वाईट वाटलं. पण वाटलं, खरंच वय झालं असेल. चूक माझी तिथेच झाली.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "महागातली गादी घेऊ या." ताई म्हणाली, "आधी कळू तर दे, बिघडलं काय ते!" तिनं शाळेची एक अर्धी कोरी वही घेतली आणि वर लिहिलं, 'रात्री जाग का आली?' नियम एकच. नुसती तक्रार नाही, प्रत्येकानं जाग येण्याचं कारण लिहायचं.

ताईनं पहिली नोंद केली : 'घसरले.' यावर उपाय फुकटचा निघाला. पाण्याची बाटली अर्धी भरून गाडीच्या आत सपाट जागी आडवी ठेवायची. आतलं पाणी एका टोकाला धावलं, की ती बाजू उतरती. मग त्या बाजूच्या चाकाखाली जाड रुंद फळी ठेवून गाडी तिच्यावर चढवायची. मोठ्या माणसानं हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकांना दगड लावायचे. एवढं करूनही थोडा उतार राहिलाच, तर डोकं चढाकडे करून झोपायचं.

दुसरी नोंद माझी : 'थेंब पडला आणि पाठ गारठली.' पाऊस नव्हता, मग पाणी आलं कुठून? मुलांनो, गार सरबताच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात ना, तसंच हे. आपल्या श्वासात वाफ असते. थंडीला घाबरून मी सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या. तिघींच्या श्वासातली वाफ गार कापडाला लागली आणि तिचं पाणी झालं. म्हणजे थंडीतसुद्धा समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या हव्यात. जाळी लावली की डासही येत नाहीत.

सकाळी गादी उचलून पाहिली, तर तीही खालून ओली. आपल्या अंगातला दमटपणा गादीतून झिरपतो आणि खालच्या गार पत्र्यावर त्याचं पाणी होतं. त्यावर आम्ही न्हाणीघरात टाकतात ती प्लॅस्टिकची जाडसर जाळी गादीखाली अंथरली. हवा खेळायला जागा झाली, गादी कोरडी राहिली. आणि पाठ का गारठली? जमिनीवरच्या तंबूखाली माती असते. आमच्या तंबूखालून तर वारा वाहत होता! त्यात अंगाच्या भारानं गादी दबते. दबलेल्या गादीत हवा कमी, म्हणजे ऊबही कमी. आजींनी शिवलेल्या गोधड्या कामी आल्या. दोन खाली, एक वर. आम्ही आधी नेमकं उलटं केलं होतं!

"त्यापेक्षा तंबूत छोटी शेगडी ठेवू," धाकट्यानं सुचवलं. नाही, दोस्तांनो, कधीच नाही. कोळसा असो, गॅस असो, बंद जागेत जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो. त्याला ना रंग ना वास. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

तिसरी नोंद धाकट्याची : 'भुतानं पंख फडफडवले.' भूत म्हणजे वारा. आम्ही गाडी आडवी लावली होती. तंबूची सगळ्यांत रुंद बाजू वाऱ्याला दिली, आणि दोऱ्या ढिल्या सोडल्या. आता आम्ही आधी रुमाल हवेत धरून वारा कुठून येतो ते बघतो, तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करतो आणि प्रत्येक दोरी ताणून बांधतो. वाळक्या फांद्यांच्या झाडाखाली गाडी लावत नाही. विजा कडाडू लागल्या तर तंबूतून उतरून गाडीत बसायचं आणि काचा वर करायच्या, हेही वहीत लिहून ठेवलं आहे.

चौथी नोंद बाबांची : 'टप करकरत होता. वाटलं, तिघी माझ्या डोक्यावर पडणार!' आमच्या गाडीच्या माहितीपुस्तकात टपावर ७५ किलोपर्यंत वजन चालेल असं आहे. तंबू ५८ किलोचा. पण आम्ही तिघी? तर पुस्तकातला आकडा असतो चालत्या गाडीचा. डोक्यावर घागर घेऊन उभं राहणं सोपं, धावणं अवघड, गाडीचंही तसंच. उभ्या गाडीला वळणं, धक्के, ब्रेक नसतात, म्हणून टप जास्त भार पेलतो. किती, ते गाडी आणि तंबू बनवणाऱ्यांना विचारूनच घ्यायचं, आपल्या मनानं ठरवायचं नाही. मग करकर कसली? तंबू धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे दोन बोल्ट सैल झाले होते! आता निघाल्यावर पन्नासेक किलोमीटरवर थांबून ते तपासतो.

वही आजींपुढे आली. "मी काय लिहू? मला जागच आली नाही," त्या म्हणाल्या. ताई त्यांच्याजवळ बसली आणि कानात काहीतरी कुजबुजली. आजींनी बराच वेळ गोधडीचा दोरा चाळवला. मग त्या सांगत गेल्या आणि ताईनं लिहिलं : 'मला जाग येण्याचा प्रश्नच नव्हता, मी झोपलेच नाही. मला रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं. अंधारात शिडीची भीती वाटली. तुम्हाला उठवायची लाज वाटली. म्हणून दुपारपासून पाणी प्यायले नाही.'

कुणीच काही बोललं नाही. आम्ही गादीचा विचार करत होतो, दोऱ्यांचा करत होतो. आणि सगळ्यांत जास्त त्रास झालेलं माणूस "छान झाली झोप" म्हणून गप्प बसलं होतं. वय झालं म्हणून नव्हे. आम्ही विचारलं नाही म्हणून.

मग सगळी वही बाजूला ठेवून आम्ही शिडीला लागलो. गुडघ्यांना शिडी चालेल का, हे आधी डॉक्टरांना विचारलं. ते "सावकाश चालेल" म्हणाले. पायऱ्या बारीक होत्या, तळव्याला रुतायच्या आणि दवानं निसरड्या व्हायच्या. बाबांनी त्यांच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या. शिडीच्या पायांखाली फळी ठेवली. आठवतं ना, तंबूचा अर्धा भार शिडीवर आहे? ती मातीत रुतली तर अख्खा तंबू कलतो. वर टपाच्या दांड्याला हाताशी येईल असा मजबूत पट्टा बांधला. शिडीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक बॅटरीचा दिवा लावला. चपलांची पिशवी दाराशीच टांगली, म्हणजे अंधारात चाचपडायला नको, आणि चपलेत विंचू शिरायलाही नको.

आजींची जागा आता शिडीच्या दाराशी. त्यांच्या हाताशी एक दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला ताईच्या उशीजवळ घुंगरू. घुंगरू वाजलं, की ताईनं आधी उतरायचं आणि खाली उभं राहायचं. मग आजींनी शिडीकडे तोंड करून, पट्टा धरून एकेक पायरी उतरायची. वर नकोसं वाटलंच, तर धाकट्याची गाडीतली जागा आजींची. सोसायटीच्या आवारात आम्ही तीन दिवस तालीम केली. वॉचमनकाका बघतच राहिले!

२६ जानेवारी २०२४ ला शुक्रवार होता. सुटीला जोडून आम्ही पुन्हा भंडारदऱ्याला गेलो. या वेळी भात कापून मोकळं झालेलं एक खाचर त्याच्या मालकाला विचारून निवडलं. खाचर सपाट असतं, फळीसुद्धा लागली नाही. आदल्या दिवशीच पौर्णिमा झालेली. पाण्यावर दुधासारखं चांदणं पसरलं होतं.

मध्यरात्री घुंगरू वाजलं. ताई उतरली. मी दाराशी बसून आजींचा हात धरला. एक पायरी, दुसरी पायरी, आणि आजी खाली. परत येताना त्या शिडीला धरून कितीतरी वेळ डोंगराकडे बघत उभ्या राहिल्या. पहाटे पुन्हा घुंगरू वाजलं, आणि पुन्हा तीच वरात.

सकाळी बाबांनी चहा ठेवला आणि वही फिरली. ताईची नोंद : 'घुंगरू वाजलं म्हणून दोनदा जाग आली. चालेल.' माझी : 'जाळीमुळे गादी कोरडी. नाक मात्र गार, कानटोपी हवी.' धाकट्याचं पान कोरं. तो अजून घोरत होता. आजींनी चष्मा लावला आणि या वेळी स्वतःच्या हातानं लिहिलं : 'रात्री तांब्याभर पाणी प्यायले.'

दोस्तांनो, तुमच्याकडे टपावरचा तंबू असेल-नसेल. पण सहलीला, गावाला, लग्नघरात कुठेही सगळे एकत्र झोपलात, तर सकाळी घरातल्या सगळ्यांत गप्प माणसाला एवढं जरूर विचारा, "रात्री जाग का आली?" आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.