अम्मींचे सात प्रश्न आणि कळसूबाईची वाट

आपल्या बहुतेक घरांत बायकांनी घराबाहेर काढलेल्या रात्री मोजल्या, तर त्या ठरावीक कारणांनीच काढलेल्या असतात: कुणाचे लग्न, कुणाची मय्यत, कुणाचे बाळंतपण किंवा दवाखाना. नुसते चांदणे बघायला किंवा डोंगर चढायला बाहेर राहणे हे पुरुषांच्या वाट्याचे. तेही तरुणपणी, मित्रांबरोबर. कल्याणच्या आमच्या तीन घरांतही असेच चालत आले होते. म्हणून गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जणांनी भंडारदऱ्याच्या तलावाकाठी एक रात्र तंबूत राहून दुसऱ्या दिवशी कळसूबाई चढायचे ठरवले, तेव्हा पहिला चढ घरातच लागला.

अकरांत नववीत शिकणाऱ्या दोन मुली होत्या. अम्मींचे वय सदुसष्ट. त्यांनी "नाही" म्हटले नाही, पण तीन दिवस प्रश्न विचारले. आम्ही ते वहीत लिहून घेतले आणि प्रत्येकासमोर उत्तर लिहीत गेलो. महिनाभरात त्या वहीतच आमची सगळी तयारी झाली. डोंगरावर पहिल्यांदा जाणाऱ्या कोणत्याही घराला हे प्रश्न पडतील, म्हणून ते इथे क्रमाने देत आहोत.

"जाणार कुठे? तिथे आपले आहे कोण?" हा पहिला प्रश्न. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, उंची 1646 मीटर. पायथ्याचे बारी गाव अकोले तालुक्यात आहे. कल्याणहून रेल्वेने इगतपुरी आणि तिथून जीपने घोटीमार्गे पुढे, असा रस्ता. भंडारदऱ्याचे धरण प्रवरा नदीवर असून ते 1926 साली पूर्ण झाले. हा सारा भाग अभयारण्यात येतो. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. तिथे आपले कुणी नाही, हे खरेच होते. म्हणून आम्ही दोन आठवडे आधी गावातल्या एका कुटुंबाशी फोनवर बोललो. अकरा माणसे, त्यांत सहा बायका-मुली, एक वयस्क, तंबू घराजवळ हवेत, हे सगळे मोकळेपणाने सांगितले आणि दरही आधीच ठरवला. तिकडून त्या घरच्या मावशी स्वतः अम्मींशी बोलल्या, "आजी, तुम्हीपण या की." त्या एका वाक्याने अम्मींचे नाव यादीत बाराव्या क्रमांकावर चढले. त्या शिखरावर येणार नव्हत्या. रात्र तंबूत आणि दिवस मावशींच्या घरी, असे ठरले.

"चालवेल का तुम्हाला?" हा दुसरा. घर ते रिक्षा आणि रिक्षा ते शाळा, एवढेच चालणाऱ्या आम्ही शिक्षिका. बारीतून शिखरावर जायला सवय नसलेल्याला चार तास तरी धरावेत आणि उतरायला तीन. म्हणून महिनाभर रोज फजरनंतर पाऊण तास चालायचे आणि इमारतीचे जिने चढायचे ठरले. दुसऱ्या आठवड्यापासून पाठीवर पिशवी आली आणि तिच्यात पाच किलो तांदूळ. शेजारच्यांनी विचारले की मुली उत्तर द्यायच्या, "डोंगराची परीक्षा आहे." तिसऱ्या रविवारी मलंगगडाच्या पायऱ्या चढलो. हाजीमलंगबाबांच्या दर्ग्यावर कल्याणची कितीतरी घरे जातात; त्या दिवशी मात्र आम्ही घड्याळ लावून, थांबण्याची ठिकाणे ठरवून गेलो. कोणाचा दम किती, कोणाचा गुडघा कधी बोलतो, हे तिथे कळले. मग सगळ्यांत हळू चालणाऱ्याने पुढे राहायचे आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून चालायचे, हा नियम वहीत आला.

"अंगावर काय, पायात काय?" सह्याद्रीच्या कातळावर गुळगुळीत तळव्याचा बूट घसरतो. खाचा असलेल्या रबरी तळव्याचे बूट पंधरा दिवस आधी घेतले आणि घरात, बाजारात वापरून मऊ केले. मोज्यांचे दोन जोड घेतले. कळसूबाईच्या वाटेवर उभ्या कातळाला लोखंडी शिड्या आहेत. तिथे सुटी ओढणी अडकते. म्हणून सैल सलवार, गुडघ्यापर्यंत कुर्ता आणि पिन लावलेला स्कार्फ, असा पोशाख ठरला. आमच्यातल्या दोघी बुरखा वापरतात. त्यांनी घेरदार आणि घोट्याच्या चार बोटे वर राहील असा बुरखा शिवून घेतला. पाऊल टाकताना खाली नजर गेली की बूट दिसला पाहिजे, एवढीच त्याची कसोटी. डिसेंबरची रात्र तिथे चांगलीच गार असते. स्वेटर, कानटोपी आणि झोपताना घालायला कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे बांधले. एक गोष्ट आमच्या घरांसाठी खास: अत्तर घरीच ठेवावे. कड्याकपारींत आग्या मोहोळे असतात आणि उग्र वासाने किंवा धुराने माश्या उठतात.

"झोपायचे कुठे आणि शौचाला जायचे कुठे?" पुरुषमंडळी हा प्रश्न टाळतात आणि बायका त्यापायी दिवसभर पाणीच पीत नाहीत. डोंगरात ते धोक्याचे आहे. मावशींच्या घरी संडास होता आणि तंबू तिथून हाकेच्या अंतरावर. वाटेवर मात्र आडोसाच. पाण्याच्या जागेपासून निदान सत्तर पावले दूर, दोघींनी मिळून जायचे, एकीने पहारा द्यायचा. तहारतीसाठी पाण्याची वेगळी बाटली, छोटे खुरपे आणि साबण. महिन्याच्या दिवसांत लागणारे सामान मुलींच्या पिशवीत आधीच ठेवले आणि वापरलेले कागदात गुंडाळून परत आणायला गडद पिशवी दिली. दोन तंबू उसने आणून इमारतीच्या गच्चीवर उभारून पाहिले. सपाट जागा, खाली चटई, चेन सतत बंद, बूट घालण्याआधी झटकायचे, हे सारे मुलांना गच्चीवरच शिकवले.

"खायचे काय?" याचे उत्तर सोपे निघाले. मावशींच्या चुलीवरचे पिठले, भाकरी, ठेचा आणि भात. हलालचा प्रश्नच उरला नाही. पहिल्या दिवसाच्या जेवणासाठी शामी कबाब आणि पराठे घरून घेतले. चढताना खायला खजूर, भाजलेले चणे आणि शेंगदाणा चिक्की. पाणी माणशी तीन लिटर. साखर-मिठाच्या पाण्याचे माप मुलींनी पाठ केले: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जंगलात जाळ करायचा नाही आणि नेलेला प्रत्येक कागद परत आणायचा, हेही ठरले.

"नमाजचे काय?" हा अम्मींचा सहावा प्रश्न. खरे तर पहिला, पण त्यांनी मुद्दाम मागे ठेवलेला. आम्ही मोहल्ल्याच्या इमामसाहेबांना विचारले. कल्याणहून बारी शंभर किलोमीटरहून लांब असल्याने प्रवाशाची सवलत मिळते; जुहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकअतींच्या दोन होतात. पाणी पिण्यापुरतेच असेल तर तयम्मुम करता येतो. दोन नमाजा एकत्र करण्याबाबत हनफी आणि शाफई पद्धतीत फरक आहे, तेव्हा प्रत्येक घराने आपल्या इमामांना विचारून घ्यावे. किब्ला आपल्याकडून पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. होकायंत्र घेतलेच, पण त्याशिवायही दिशा काढता यावी म्हणून मुलींना ध्रुवतारा शोधायला शिकवले. त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले की डावा हात पश्चिमेला.

"आणि कुणाला काही झाले तर?" शेवटच्या प्रश्नाला आम्ही दोन पाने दिली. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, दम्याचा पंप, पट्ट्या, जंतुनाशक, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, दोन विजेऱ्या. रुग्णवाहिकेचा 108 आणि मदतीचा 112 हे नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात, कारण डोंगरात फोनला रेंज असेलच असे नाही. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार मुख्य विषारी साप. चावलेली जागा कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही; माणसाला न चालवता, न घाबरवता थेट सरकारी दवाखान्यात न्यायचे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परतीची वेळ घरीच ठरवली. दुपारी बारा वाजता ज्या पायरीवर असू, तिथून मागे फिरायचे. शिखर चार पावलांवर दिसत असले तरी.

वही भरली आणि एका शनिवारी आम्ही निघालो. कसाऱ्याला गाडीला मागून ढकलणारी इंजिने लागली. पुढचा घाट दर 37 फुटांना एक फूट चढतो. ते ऐकून अम्मी म्हणाल्या, "म्हणजे गाडीलासुद्धा मागून कोणीतरी लागतेच." रात्री तलावावर इतका अंधार होता की मुलींना कल्याणमध्ये कधी न दिसलेले तारे दिसले. पूर्वेला मृग नक्षत्र, उत्तरेला कमी उंचीवर ध्रुवतारा. इशाच्या वेळी दिशा त्या दोघींनीच सांगितली, मग होकायंत्राने ताडून पाहिली. बरोबर निघाली.

रविवारी फजरनंतर बारीला आलो आणि सातला चढायला लागलो. शिड्यांपाशी तीन टेकूंचा नियम पाळला: दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, कायम लोखंडावर. शेवटच्या शिडीआधी सपाटी आणि विहीर आहे. तिथे धाकट्या जाऊबाईंचा गुडघा बोलू लागला. कुणालाही एकटे ठेवायचे नाही असे ठरलेले होते. तिचा नवरा आणि एक मुलगा तिच्याजवळ थांबले. बाकी आठ जण सव्वाअकराला माथ्यावर पोचलो. माथ्यावर कळसूबाईचे छोटे देऊळ आहे. परिसरातल्या लोकांची मोठी श्रद्धा; तिथे आवाज खाली ठेवावा, पाय पसरून खाणेपिणे करू नये. समोर अलंग, मदन, कुलंग, दुसरीकडे भंडारदऱ्याचे पाणी. पाऊण तास बसलो आणि बाराला उतरायला लागलो.

खाली मावशींच्या ओसरीवर अम्मी तांदूळ निवडत बसल्या होत्या. दोघींचे दोन्ही घरांच्या सुनांवर बोलून झाले होते. मावशींनी अंगण झाडून दिले, चटया अंथरल्या. तिथे आम्ही सर्व बायकांनी एका ओळीत दोन रकअत अदा केल्या. मावशींची नात दाराशी उभी राहून बघत होती. नंतर तिने आमच्या मुलींना विचारले, "तुम्ही परत कधी येणार?"

भगिनींनो, सुरुवात कळसूबाईपासूनच करावी असे नाही. गावाजवळची टेकडी, एक सकाळ, दोन घरे, एवढे पुरे. पावसाळ्यात निसरड्या कड्यांवर मात्र पहिल्यांदाच जाऊ नये; नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. आणि घरात कुणी मोठे माणूस काळजीने प्रश्न विचारत असेल, तर त्याला "काही होत नाही" असे सांगून गप्प करू नका. वही काढा. आमची वही आता त्या दोन मुलींकडे आहे. रतनगडासाठी त्यांनी नवे पान उघडले आहे, आणि त्यावरचा पहिला प्रश्न अम्मींच्या अक्षरात आहे.