किल्ल्यांचा जुडगा

आमच्या ग्रंथपालकीची सुरुवात कुलपापासून झाली. नांदेडच्या एका महाविद्यालयात रुजू झालो, तेव्हा हाती आली ती दाखलनोंदवही आणि किल्ल्यांचा जुडगा. ग्रंथ उपयोगासाठी असतात, हा रंगनाथन यांचा १९३१ सालचा पहिला नियम आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. प्रत्यक्षात ग्रंथ कपाटात सुरक्षित राहणे, हेच आम्ही कर्तव्य मानीत होतो.

१९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि या भागात संशोधकांची वर्दळ वाढली. एकदा लातूरहून एक विद्यार्थिनी एका प्रबंधातील दहा पानांसाठी एसटीने आली. प्रबंधाची झेरॉक्स देण्यास मनाई होती. दिवसभर बसून तिने ती पाने हाताने उतरवून घेतली. आम्ही नियम पाळला. त्याची लाज मात्र अजून गेलेली नाही.

२००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने मुक्त प्रवेशाची कल्पना जगापुढे मांडली. २००९ च्या नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘शोधगंगा’ उभी राहिली. तोवर आम्ही लातूरला आलो होतो. जुने प्रबंध संगणकावर चढवताना कृतार्थ वाटत होते. एके दिवशी एका विद्यार्थ्याने त्यांत ‘कुरुंदकर’ हा शब्द शोधला. उत्तर आले : शून्य. प्रबंध कुरुंदकरांवरच होता! तो युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असल्याने डोळ्यांना देवनागरी दिसे, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन चिन्हांची खिचडी होती. कपाटाचे कुलूप निघाले होते. अक्षराचे तसेच होते. मग प्रत्येक प्रबंधाचे शीर्षक, सारांश आणि विषयशब्द आम्ही युनिकोडमध्ये नव्याने टंकत बसलो.

तिसरे कुलूप कायद्याचे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. बी. रघुनाथ १९५३ साली गेले. त्यांचे हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१४ पासून सर्वांचे झाले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले. त्यांच्या ग्रंथांसाठी २०४३ उजाडावे लागेल. वारस आणि प्रकाशक यांचा हक्क आम्हांस मान्य आहे. पण जे आज खुले करता येते, ते तरी आपण कुठे केले आहे? बी. रघुनाथांचे लेखन शोधता येईल अशा शुद्ध पाठात सिद्ध करणे, हे काम कायद्याने अडवलेले नाही. अडले आहे ते आपल्या आळसाने.

निवृत्त होताना जुडगा परत केला. प्राध्यापक मित्रांना एवढेच सांगणे : आपला लेख युनिकोडमध्ये लिहा, संपादकांची अनुमती घ्या आणि तो खुला ठेवा. दहा पानांसाठी कुणाला एसटी धरावी लागू नये.