म्हातारा मोती

आमचा मोती तेरा वर्षांचा झाला. डोळे पांढुरके झाले, मागचे पाय लटपटतात. "लांब कुठे सोडून या," असे चाळीत कुणीतरी म्हणाले. (परक्या गल्लीतली कुत्री म्हाताऱ्याला जगू देतील काय?) मुलांनी ते ऐकले. तेव्हापासून धाकटी रात्री उठून त्याला चाचपते.

रविवारी राणीच्या बागेत जायचे होते. २०१७ पासून तिथे पेंग्विन पाहायला मिळतात, मुलांना त्याचेच वेड. कुत्रा मात्र आत नेता येत नाही. थोरला अडून बसला, "आई, तुम्ही जा. मी मोतीपाशी थांबतो. कुणी नेला तर?"

शेवटी रात्रपाळी करून आलेले हेच घरी थांबले. सांधेदुखीची गोळी भाकरीत लपवून द्यायची, तीही जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलीच. माणसांची गोळी कुत्र्याला विषासारखी बाधू शकते.

संध्याकाळी परतलो तर दोघेही दारात झोपलेले. थोरल्याने आधी मोतीच्या पोटावर हात ठेवला, मग चपला काढल्या.