आईकडचं नातं

उकाई धरणाच्या फुगवट्याचं पाणी आमच्या नवापूर तालुक्यात शिरतं. त्या पाण्यातला एक मासा बाजारात मासे विकणाऱ्या मावशींनी माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "सर, हा कटलाही नाही न् रोहूही नाही." डोकं कटल्याहून लहान, रोहूहून मोठं. तोंडही धड वर वळलेलं नाही, धड खाली नाही.

उजव्या पराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापून अल्कोहोलमध्ये टाकला. डावी बाजू फोटोसाठी अखंड ठेवली. तारीख, गाव, पाणी पेन्सिलने लिहून चिठ्ठी कुपीतच सोडली. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

माशांची ओळख पटवायला आम्ही सहसा तंतुकणिकेतलं सीओआय जनुक वाचतो. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या २०७ जातींवर ते पारखलं गेलं, तेव्हापासून त्याच्या साधारण ६५५ अक्षरांवर सगळ्यांची भिस्त आहे. उत्तर आलं: रोहू. अगदी स्वच्छ.

पण मासा समोर होता आणि तो रोहू नव्हता. तंतुकणिका पिल्लाला आईकडूनच मिळते. बापाचा तिथे मागमूस नसतो. म्हणून पेशीकेंद्रातलं जनुक वाचायला घेतलं. रोहू आणि कटला जिथे वेगळे पडतात, नेमक्या त्याच जागांवर आलेखात दोन-दोन शिखरं एकमेकांवर चढलेली होती. एक रोहूचं, एक कटल्याचं. आई रोहू, बाप कटला. बीज केंद्रात दोन्ही जाती एकाच कुंडात सोडल्या की असा संकर होतो.

पूर्वी कटल्याला स्वतंत्र प्रजाती मानत. जनुकांवरून वंशवृक्ष मांडला तेव्हा तो रोहूच्याच लेबिओ घराण्यात जाऊन बसला, आणि आता बरेच जण त्याला लेबिओ कटला म्हणतात. हे घरोब्याचं नातं मावशींच्या टोपलीत आधीच दिसत होतं. लोकांचा शब्द शास्त्रातही उतरतो: कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनचे मासे नोंदवताना एका माशाचं 'मुल्या' हे जातिनाम इथल्या मराठी नावावरूनच घेतलं. मासे हाताळणाऱ्यांचा शब्द मी म्हणूनच नोंदवहीत पहिल्या रकान्यात लिहितो.

एका जनुकाचा वृक्ष म्हणजे माशाचा सगळा वंश नव्हे. रंगावली नदीवर नमुने गोळा करायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं एवढंच: पराचा तुकडा घेऊन मासा टाकून देऊ नका. अख्खा मासा बरणीत जपा, आणि विकणारीने त्याला काय म्हटलं ते चिठ्ठीवर लिहा.