साडेपाच टन

नागपूर, ११ मार्च
एसीवाला आधी घर बघायला आला. गच्ची उघडी आहे का विचारलं, पश्चिमेच्या खिडक्या टेपने मोजल्या. मग म्हणाला, "माणसं किती?" नुसता बसलेला माणूसही साधारण १०० वॉट उष्णता सोडतो म्हणे. आम्ही चौघं, म्हणजे ४०० वॉट. आईने विचारलं, "आणि मे महिन्यात जावई येतात ते?" त्याने वहीत लिहून घेतलं.

१४ मार्च
हॉल, तीन खोल्या, मिळून एकच मशीन. साडेपाच टन. हे वजन मशीनचं नाही, बर्फाचं. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी घरातून उचलून बाहेर टाकली की झाला एक टन.
१८३३ मध्ये बॉस्टनहून कलकत्त्याला बर्फाचं पहिलं जहाज आलं. निघताना १८० टन, चार महिन्यांनी पोचताना शंभरेक. तेवढ्या कामाला आमच्या मशीनला अठरा दिवस लागतील.

१९ मार्च
थ्री फेज मीटरचा अर्ज. लोड का वाढवता, या प्रश्नापुढे मी 'उन्हाळा' लिहिलं. खिडकीतल्या बाबूंनी ते खोडून 'घरगुती' केलं.

२७ मार्च
अंगणात पत्रा कापणं, वाकवणं, ठोकणं चालू आहे. तयार डक्ट आंब्याखाली रांगेने उभे. शेजारचा मुलगा त्यातल्या एकात शिरून दुसऱ्या तोंडाने बाहेर आला आणि म्हणाला, अजून एकदा.

३० मार्च
हॉलची उंची दहा फूट होती, फॉल्स सीलिंगनंतर साडेआठ. पंखा उतरवला. आजोबांनी छताखाली झरोके ठेवले होते, गरम हवा वरून निघून जावी म्हणून. मुख्य डक्ट नेमका तिथूनच जातो. झरोके विटांनी बुजवले. मिस्त्री म्हणाला, "बांधकाम पक्कं आहे भाऊ, छिन्नी लागून राहिली नाही."

१ एप्रिल
थंड हवा खोल्यांत सोडायची, एवढंच मला माहीत होतं. ती परतही आली पाहिजे. खोलीचं दार लावलं की तिची वाट बंद होते. म्हणून सुताराने तिन्ही दारं उतरवून खालून पाऊण पाऊण इंच कापली.
आई: "पाल येईल."

४ एप्रिल
तांब्याच्या पाइपला पाइप जोडताना आतून हळूहळू नायट्रोजन सोडत ठेवतात. नाहीतर ज्योतीने तांब्याला आतून काळी खपली धरते, ती पुढे सुटून मशीनमध्ये जाते. जोडणारा पोरगा विशीचा असेल. जोड लाल होईपर्यंत त्याने पापणी लववली नाही. मग खिशातून खर्रा काढला.

५ एप्रिल
काल दुपारी चारला पाइपात नायट्रोजन भरून ठेवला. गेजवर ४०० पीएसआय. सकाळी सहाला बघतो तर ३८२. गळती! मी मिस्त्रीला फोन केला. तो झोपेतच म्हणाला, "रात्री थंड होतं ना भाऊ. दुपारी बघा."
दुपारी चारला ४००.

७ एप्रिल
आज व्हॅक्यूम. पंप लावून पाइपातली हवा ओढून काढायची, ५०० मायक्रॉनपर्यंत. बाहेरच्या हवेचा दाब याच मापात ७,६०,००० च्या आसपास. दाब इतका उतरला की पाइपात राहिलेली ओल घरातल्या तापमानालाच उकळते, वाफ होऊन निघून जाते. पंप चार तास चालला. चार तास मुकाट बसून काहीच नसण्याची वाट बघणारी माणसं मी याआधी फक्त कचेऱ्यांत पाहिली होती.

८ एप्रिल
बाहेर ४२. मशीनला वीज दिली, पण चालू करायचं नाही. कॉम्प्रेसरच्या बुडाशी हीटर असतो, तो आधी चोवीस तास तापला पाहिजे. एरवी गॅस तेलात विरघळून बसतो आणि सुरू करताच तेलाचा फेस होतो.
थंडावा देणाऱ्या मशीनला आम्ही आज गरम करत आहोत. शेजारी विचारून गेले, लागला का एसी.

९ एप्रिल
सुरू. मिक्सरमध्ये खडे घातल्यासारखा आवाज. गेजचे काटे जागचे हलेनात. बंद. कॉम्प्रेसर उलटा फिरत होता. तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली, दोन मिनिटांचं काम. त्याआधी अर्धा तास सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.
दुसऱ्यांदा सुरू. ग्रिलमधून आधी थंडी आली नाही, पीओपीची भुकटी आली. बाळकृष्ण पांढरा झाला. देवघरातली समई विझली. शिडी लावून त्या ग्रिलच्या पट्ट्या भिंतीकडे वळवल्या. समई पुन्हा लावली. ज्योत हलते, पण राहते.
दोन तासांनी थर्मामीटर: परतीच्या ग्रिलपाशी ३१, खोलीतल्या ग्रिलपाशी १९. मिस्त्रीने मोबाइलवर दोन्हींचे फोटो काढले. आई शाल घेऊन आली.

१२ एप्रिल
कूलर चालताना खिडकी उघडी ठेवायची, एसी चालताना बंद. आई दोन्हींत उघडीच ठेवते.

२० एप्रिल
भंगारवाला आला होता. आईने कूलर दिला नाही. "वाळ्याचा वास येतो का तुमच्या त्या ग्रिलातून?" कूलर गच्चीवर.

२५ मे
नवतपा लागला. दुपारी दोनला लाइट गेली. इन्व्हर्टरवर पंखे चालतात. हॉलचा पंखा माळ्यावर आहे.

२६ मे
जावई आले. १०० वॉट.

४ जुलै
हॉलच्या छताला चहाच्या रंगाचा डाग, मधोमध थेंब. मिस्त्रीला बोलावलं. "मे महिन्यात तर एक थेंब नव्हता." नव्हताच. तेव्हा नागपूरच्या हवेत पाणी होतं कुठे? ड्रेन तपासला होता, पण मशीन बंद ठेवून, मगभर पाणी ओतून. ते सुरळीत गेलं होतं. चालू मशीनचा पंखा मात्र ड्रेनमधूनही बाहेरची हवा आत ओढतो आणि पाणी ट्रेमध्येच अडून राहतं. पाइपला यू हवा होता, कायम पाणी धरून ठेवणारा. तो राहून गेला होता. साठ रुपयांचा तुकडा.

५ जुलै
यू बसवला. पाइपाखाली बादली ठेवली, संध्याकाळपर्यंत भरली. आई ती दोन खेपांत गच्चीवर घेऊन गेली आणि कूलरच्या टाकीत ओतून आली. टाकी गळते का बघायचं होतं, म्हणाली.