धुळीचा आजार आणि मजुरीचा पुरावा

सिलिकोसिस हा दगडाच्या धुळीचा आजार. क्वार्ट्झ भरडताना, खाणीत दगड फोडताना किंवा अकीक घासताना सिलिकाचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात. ते फुप्फुसात खोलवर रुततात, त्यांच्याभोवती घट्ट गाठी होतात आणि झालेली हानी कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.

भारतात कामावरच्या इजेच्या भरपाईचा हक्क 1923 च्या कामगार भरपाई कायद्याने दिला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. अपघाताची वेळ सांगता येते, धुळीची नाही. म्हणून ठरावीक काळ अशा कामावर असताना झालेला सिलिकोसिस ही अपघाती इजाच मानली जाते आणि तो कामामुळे झाला नाही हे मालकाला सिद्ध करावे लागते. काम सुटल्यावर आजार उघड झाला तर मात्र हे ओझे कामगारावर येते. धुळीशी पहिला संबंध आल्यावर आजार दिसायला अनेकदा दहा वर्षांहून अधिक काळ जातो. त्यामुळे ही अट फार जाचक ठरते. कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा (ईएसआय) विमा असलेल्याचा दावा त्या महामंडळाकडे जातो.

निदानासाठी छातीचा एक्स-रे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाण फिल्मशी ताडून पाहतात. फुप्फुसांच्या वरच्या भागात खसखशीसारखे बारीक ठिपके दिसतात. पण सावल्या, खोकला, उतरलेले वजन हे सगळे क्षयातही असते आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय लवकर जडतो. केसपेपरवर ‘व्यवसाय : मजुरी’ एवढेच लिहिलेले असते. कसली मजुरी, हे विचारलेच जात नाही. क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि दाव्याचा पहिला पुरावा तिथेच हरवतो. वास्तविक सिलिकोसिस आणि क्षय एकत्र असले तरी कायदा भरपाई देतो. अपंगत्वाला किंवा मृत्यूला सिलिकोसिस हा अत्यावश्यक घटक असला पाहिजे, एवढीच अट आहे.

सर्वांत अवघड असतो तो नोकरीचा पुरावा. मध्य प्रदेशातील झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी गुजरातमध्ये गोध्रा-बालासिनोरच्या क्वार्ट्झ कारखान्यांत राबले. ठेकेदाराच्या हाताखालच्या मजुराचे नाव हजेरीपटावर नसते, पगाराची पावती नसते. ठेकेदाराच्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावर असते, मालक अनेक असतील तर भरपाईचा भार त्यांच्यात वाटला जातो; पण त्यासाठी आधी कारखान्याचे नाव सिद्ध व्हावे लागते. अशा वेळी भविष्यनिर्वाह निधीची एखादी नोंद किंवा शेजारी उभे राहून काम केलेल्या सोबत्याची साक्ष मोलाची ठरते. या मजुरांपैकी 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला, तोही गुजरात सरकारला.

दाव्याची मुदत दोन वर्षांची. आजारामुळे कामावर सलग गैरहजेरी सुरू झाली, त्या पहिल्या दिवसापासून ती मोजतात. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो.

राजस्थानने 2019 च्या धोरणात मालक शोधण्याची अटच काढून टाकली. तिथे वैद्यकीय मंडळाने आजार प्रमाणित केला की रुग्णाला 3 लाख रुपये मिळतात आणि मृत्यूनंतर वारसांना आणखी 2 लाख.