राजगृहीत उमगलेले अभयदान

विपुलाचल, रत्नगिरी, उदयगिरी, सुवर्णगिरी व वैभारगिरी या पाच पहाडांच्या कुशीत राजगृही वसली आहे. कल्पसूत्रानुसार भगवान महावीरांनी राजगृही-नालंदा परिसरात १४ चातुर्मास केले. पंचपहाडीची वंदना करून आम्ही वैभारगिरीच्या पायथ्याशी वीरायतनात आलो. पुणे जिल्ह्यातील चासकमान येथे जन्मलेल्या आणि १९८७ साली आचार्यपद लाभलेल्या चंदनाश्रीजींनी येथे सेवेलाच साधना मानले. येथील नेत्रालयात खेड्यापाड्यांतले मोतीबिंदूचे रुग्ण येतात. डोळ्यातील गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की मालवलेले जग पुन्हा उजळते. ते पाहून मन भरून आले.

परतीच्या वाटेवर, राजगीर स्थानकात, एक वृद्ध बाबा दहा-बारा वर्षांच्या नातवाचा खांदा धरून बसलेले दिसले. काचबिंदूने त्यांची दृष्टिनाडी निकामी झाली होती. शस्त्रक्रियेने ती दृष्टी परत येणार नव्हती. ‘‘शाळेत जातोस ना?’’ मी विचारले. मुलगा म्हणाला, ‘‘मी शाळेत गेलो तर यांना हातपंपापर्यंत कोण नेणार?’’

मी निरुत्तर झालो. एका अंधत्वात दोन आयुष्ये अडकली होती.

वास्तविक उपाय फार खर्चाचे नाहीत. घरापासून हातपंपापर्यंत बांधलेली दोरी, भांड्यांच्या ठरलेल्या जागा आणि छातीपर्यंत उंचीची पांढरी काठी. डावे पाऊल पुढे पडताना काठीचे टोक उजवीकडे टेकवायचे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच कळते. मात्र हे शिकवणारा कोणीतरी गावात यावा लागतो आणि काही दिवस राहावा लागतो. शेजाऱ्यांनीही शिकायला हवे: अंध व्यक्तीला हाताला धरून ओढू नये, आपले कोपर तिच्या हाती द्यावे, जवळ जाताच आपले नाव सांगावे. दुकानात सुटे पैसे परत करताना प्रत्येक नोट मोजून, बोलून हातावर ठेवावी.

आपल्या धर्मात आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. नेत्रशिबिर हे औषधदान. त्यासाठी आपला समाज सढळ हाताने देतो. ब्रेल शिकवणे हे ज्ञानदान आणि निर्धास्त चालायला शिकवणे हे अभयदान. पुढच्या शिबिराची पावती फाडताना आयोजकांना एवढेच विचारू या: ज्यांची दृष्टी परत येणार नाही, त्यांच्या घरी कोण जाणार आहे? त्या उत्तरावर एखाद्या नातवाची शाळा अवलंबून असेल.